पाशाचं न्हाण

खारेपाटण
१९ जानेवारी २०२५

प्रिय नाझमीन,

सलाम आणि दुवा.

तुझं मांजर पोचलं. रमीझच्या बसमधून, पुढच्या सीटवर बसून, तिकीट न काढता आलं. रमीझ म्हणाला, "चाची, ह्यो रातभर वरडत होतो. माका एक डुलकी येऊक दिल्यान नाय. ड्रायव्हराक आनी काय व्हया?" तेव्हा एवढा तरी उपयोग झाला.

पिंजरा उघडला तर आत पांढराशुभ्र पाशा. केस वीतभर आणि नाक आत गेलेलं, जसं काही कोणी दार तोंडावर लावलं. तुझ्या नवऱ्याच्या नाकाबद्दल मी लग्नात एक शब्द बोलले नव्हते, तेव्हा ह्याच्याही नाकाबद्दल बोलत नाही.

घराला रंग काढताय म्हणून मांजर तीन महिने माझ्याकडे, असं लिहिलंस. दोन खोल्यांना तीन महिने रंग कसा लागतो, हे मी विचारणार नाही. तसंही मी काही विचारायचं नाही, हे आपलं ठरलंय. "फुफी, 'काही बातमी आहे का' असं पुन्हा विचारलंस तर मी तुझा फोन उचलणार नाही," असं तू म्हणालीस त्याला तीन वर्षं होतील. मी कबूल केलं. पण फोन कानाला लावला की तोच प्रश्न तोंडून निघतो. चौतीस वर्षं शाळेत प्रश्न विचारूनच पोट भरलं, त्याला आता काय करणार? म्हणून पत्र लिहिते. पत्रात निघालेला प्रश्न खोडता येतो. वर एक ओळ खोडलेली दिसेल, ती उन्हात धरून वाचायचा प्रयत्न करू नकोस.

एकच अट आहे. मांजर न्यायला तू स्वतः यायचं. नवऱ्याला, शाहीदला, पाठवलंस तर देणार नाही. माझे भाऊ, तुझे अब्बा, गेले तेव्हा आली होतीस, त्याला चार वर्षं झाली. तुला आई नव्हती, मी वाढवली. तुझं माहेर म्हणजे मी आणि खाडीकडची ही तीन खोल्यांची जागा, आणखी काही शिल्लक नाही.

पिंजऱ्याला बांधलेले तुझ्या सूचनांचे तीन कागद वाचले. आंघोळ? मांजर पाक जनावर आहे. त्यानं तोंड लावलेल्या पाण्यानं नमाजाआधीचा वजू होतो, हे तुला लहानपणी मीच शिकवलं. त्याला आंघोळ घालणं म्हणजे साबणाला साबण लावणं.

तुझी,
फुफी


कौसा, मुंब्रा
२६ जानेवारी २०२५

प्रिय फुफी,

सलाम. पाशा पाक आहे हे मला मान्य आहे, पण स्वच्छही असायला हवा. गावच्या मांजराचं वेगळं. ते स्वतःला चाटून साफ ठेवतं. ह्याचे केस इतके लांब की चाटून पुरं पडत नाही, गुंता होतो, मग कातडी ओढली जाऊन जखमा होतात. आठवड्यातून तीनदा विंचर आणि दीड महिन्यातून एकदा न्हाऊ घाल, एवढंच मागते. आधी नखं काप. कानात कापसाचे बोळे. पाणी कोमट, डोक्यावरून ओतायचं नाही. शाम्पू पिंजऱ्याच्या कप्प्यात आहे, तोच वापर, तुझी शिकेकाई नको. मग टॉवेलात गुंडाळून कोरडं कर. आणि मासळी देऊ नकोस, त्याचं खाणं सोबत दिलंय.

अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, आधीच त्याच्या केसांवरून बोलतात. तो मळका परत आला तर दारातच अडवतील.

जास्त लिहवत नाही. रंगाच्या वासानं मळमळतं. सकाळी तर चहाचाही वास सहन होत नाही.

तुझी,
नाझमीन


खारेपाटण
६ फेब्रुवारी २०२५

प्रिय नाझमीन,

तुझ्या कागदाप्रमाणे सगळं केलं. "आधी नखं काप" असं लिहिलंस, कोणाची ते लिहिलं नाहीस. पाशानं पंजा दाखवला तेव्हा मी माझीच कापली.

दुपारी न्हाणीत पाणी कोमट करून ठेवलं. कानात बोळे घातले, ते त्यानं काढून खाल्ले. मग मी त्याला घमेल्यात उभा केला. पुढचं मला नीट सांगता येणार नाही, कारण चष्मा घमेल्यात पडला होता. डाव्या हाताला कोपरापर्यंत ओरखडे आहेत. मी शाम्पूनं न्हाले, पाशा कोरडाच राहिला. खिडकीतून उडी मारून बंदरावर गेला आणि संध्याकाळी तोंडात बांगड्याचं डोकं घेऊन परत आला. ते माझ्या पायाशी ठेवलं, बहुतेक माफी मागायला. त्याचा आताचा रंग आमच्या शाळेच्या भिंतींसारखा आहे, म्हणजे खालून हातभर काळा आणि वर पांढरा.

सोबतचं खाणं त्यानं हुंगून सोडलं. कोंबड्या खातायत.

तुमच्या घराच्या रंगाला सकाळीच जास्त वास येतो, हे नवलच.

फुफी


कौसा, मुंब्रा
१२ फेब्रुवारी २०२५

फुफी,

बांगडा? मसाल्यातला तरी नव्हता ना? तुझ्या हाताला औषध लाव, आणि कोणालातरी मदतीला घे. दोघींनी धरलं तर जमतं. न्हाऊ घालायलाच हवं गं, गुंता झाला तर अंगावरचे सगळे केस भादरावे लागतील.

रंगाचं काम चालू आहे. कामगार सावकाश करतात.

नाझमीन


खारेपाटण
२४ फेब्रुवारी २०२५

प्रिय नाझमीन,

पाशा न्हायला. मी नाही, शेवंतीनं न्हाऊ घातला.

शेवंती आठवते ना? वरच्या वाडीतली, गंगारामची बायको. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला तिच्याइतका हात ह्या पंचक्रोशीत कोणाचा नव्हता. हिंदूंची असोत, मुसलमानांची असोत, अर्ध्या खारेपाटणाची डोकी तिनं गोल केली. तुलाही सव्वा महिना तिनंच न्हाऊ घातलं. आता मात्र बिचारी लाल माठ आणि मुळे विकते. पोरी कणकवलीच्या दवाखान्यात बाळंत होतात आणि तिथूनच मुंबईला जातात. शेवटचं बाळ, वाडीतल्या संचिताचं, न्हायला तिच्या पायांवर आलं त्याला तीन वर्षं झाली. वाड्या भरल्या आहेत, पण म्हाताऱ्यांनी. आणि म्हातारे आपापले न्हातात.

ती माठ द्यायला आली, माझा हात बघितला, पाशाकडे बघितलं आणि म्हणाली, "हय दी तेका. तू शाळा शिकव." लुगडं गुडघ्यावर घेऊन न्हाणीत पाटावर बसली, पाय लांब केले आणि पाशाला नडग्यांवर पालथा घातला. मी दार धरून उभी. तो एकदा ओरडला. तिनं त्याला अशी शिवी दिली की मी शिक्षिका असून लिहीत नाही. मग तो गप्प झाला. खोबरेल, चण्याचं पीठ, कोमट पाणी, सगळं रीतसर झालं. मी म्हटलं, शेवंती, माझ्या हातात हा असा का राहत नाही? ती म्हणाली, "पोर पाण्याक भियत नाय गो. भियणाऱ्या हाताक भियता."

उताणा केल्यावर मात्र तिचा चेहरा उतरला. "ह्येचा नाक कोणी चेपल्यान? मुंबैच्या बाईन?" मी सांगितलं की ह्या मांजरांचं नाक उपजतच बसकं असतं, लोक पैसे मोजून आणतात. पाढा चुकलेल्या पोराकडे मी जसं बघायचे तसं तिनं माझ्याकडे बघितलं. आता ती दर शुक्रवारी येणार आहे. तेलाच्या बोटांनी दोन्हीकडून नाक वर ओढते. "सव्वा म्हयन्यात सरळ करून देतंय," म्हणते. आजवर एकही नाक तिच्या हातून वाकडं गेलेलं नाही.

तुझं नाक बघ आरशात. त्या वेळी अकरा दिवस लागले होते.

फुफी


कौसा, मुंब्रा
५ मार्च २०२५

प्रिय फुफी,

पत्र वाचून इतकी हसले की अम्मी स्वयंपाकघरातून धावत आल्या, हसू नकोस म्हणाल्या. का ते असो.

पण तेल ताबडतोब बंद करा. मांजर अंग चाटतं, सगळं तेल पोटात जातं, मग जुलाब. न्हाणानंतरच्या धुरीचा तर विचारही करू नका. दर शुक्रवारी न्हाणही नको, दीड महिन्यातून एकदा पुष्कळ झालं. नाकाला काही होत नाही, पण तो चिडत नसेल तर चालू दे, शेवंतीआजीचं मन मोडू नकोस.

सहज विचारते. ती मान कशी धरते? पाणी कोमट आहे हे कशावरून ठरवते, हाताला कळतं का? पहिल्या दिवशी डोक्यावरून पाणी घालते की नुसतं अंगावरून? टाळूवर तेल किती दिवस जिरवते आणि बोटानं की तळव्यानं? म्हणजे पाशाच्या.

रमजान सुरू झाला. माझे रोजे ह्या वर्षी राहिले, पित्तामुळे.

नाझमीन


खारेपाटण
१२ मार्च २०२५

प्रिय नाझमीन,

तेल बंद केलं. शेवंती दोन दिवस रुसली. "तेलाशिवाय न्हाणां म्हणजे निसता भिजवणां," म्हणाली.

तुझे प्रश्न तिला वाचून दाखवले. मान डाव्या हाताच्या पंजात, अंगठा एका कानामागे आणि मधलं बोट दुसऱ्यामागे. पाणी हातानं बघायचं नाही, बाईच्या हाताला कढत पाण्याची सवय असते. कोपर बुडवायचं. नाळ पडेपर्यंत नुसतं पुसून घ्यायचं, डोक्यावरून पाणी त्यानंतर. टाळूवर तेल तळव्यानं, अलगद, तीन महिने.

पाशाची टाळू सापडली नाही. शेवंतीनं दोनदा चाचपली. मग तिनं मला विचारलं, "ह्यां कोणी इचारल्यान?" मी म्हटलं, नाझमीननं. त्यावर ती एकटीच हसली. का हसली ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. माझी विचारायची सवय मोडत चालली आहे.

पित्त जपायला हवं. रमीझबरोबर नाचणीचं सत्त्व आणि खजूर पाठवते आहे. पाशाच्या तब्येतीसाठी. पाशा इथे आहे हे मला माहीत आहे.

फुफी


खारेपाटण
२९ एप्रिल २०२५

प्रिय नाझमीन,

माझ्या पत्राला दीड महिना झाला, तुझं उत्तर नाही. ईदला शाहीदचा फोन आला. "नाझमीन झोपली आहे," म्हणाला. ईदच्या दिवशी, दुपारी बारा वाजता. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला, म्हणजे तोंडून काही निघायला नको.

मी काही विचारत नाही. पाशाची खुशाली कळवते. तो बरा आहे, शेवंती येते, शुक्रवारचं न्हाण चालू आहे. तो सुखरूप राहावा म्हणून मी पाचही नमाजांत दुवा मागते. मांजरासाठी एवढी दुवा मागणारी बाई खारेपाटणात दुसरी नसेल.

दोन ओळी लिही. मांजराबद्दल लिहिल्यास तरी चालतील.

फुफी


कौसा, मुंब्रा
९ मे २०२५

प्रिय फुफी,

पेन्सिलीनं लिहिते आहे. पडून लिहिताना पेन चालत नाही. पाठ दुखते म्हणून डॉक्टरांनी मार्चपासून झोपूनच राहायला सांगितलंय. काळजी करू नकोस. अम्मी ताट हातात आणून देतात, उठू देत नाहीत. नाचणीचं सत्त्व त्याच करतात.

पाशाला न्यायला ऑगस्टच्या आधी जमणार नाही. ऑगस्टनंतरही लगेच जमेल असं नाही. घराचं काम दोनदा ठरवलं आणि दोनदा फिसकटलं, ते तुझ्या कानावर आलंच असेल. म्हणून ह्या वेळी मी कोणालाच तारीख सांगितली नाही. सांगितलं की मोडतं, असं वाटतं. रंगाच्या कामाबद्दल म्हणते मी.

शेवंतीआजी म्हणाली ते मी रोज आठवते. फुफी, माझेच हात भितात. पाशा आणला तेव्हा ओंजळीएवढा होता, त्याला पहिल्यांदा न्हाऊ घालताना माझे हात थरथरत होते आणि तो किंचाळत होता. मला वाटायचं तो पाण्याला घाबरतो. उद्या तेवढंच लहान मांजर कोणी पुन्हा माझ्या हातात दिलं तर मी काय करू?

तू अट घातलीस, मी स्वतः यायचं. मला यायचं आहे गं. इतकं कधीच यावंसं वाटलं नव्हतं. पण जिना उतरायलाही मनाई आहे.

नाझमीन


खारेपाटण
१७ मे २०२५

माझ्या बाळा,

विचारणार नाही असं मी कबूल केलं होतं. ओळखणार नाही असं कबूल केलं नव्हतं.

सकाळी येणारा रंगाचा वास मी जानेवारीतच ओळखला. टाळूचा प्रश्न तर शेवंतीनंही ओळखला. दोनदा दिवस राहून जे झालं ते मला दुसऱ्यांच्या तोंडून कळलं होतं. त्याचं वाईट वाटलं, पण चूक माझी होती. दर फोनला हिशेब मागणाऱ्या बाईला कोण आपलं दुःख सांगेल? इथे मी काही खोडत नाही, तसंच राहू दे.

आता एक कबुली. तुझं मांजर मार्चमध्येच लख्ख झालं होतं. दर शुक्रवारच्या न्हाणाची त्याला काही गरज नव्हती, तू तसं लिहिलंही होतंस. गरज शेवंतीला होती. तीन वर्षं तिच्या पायांवर बाळ आलं नव्हतं. मला तिचा हात चालू राहायला हवा होता. तुझ्या पाशाची मी पाटी केली, त्यावर ती गिरवत बसली. तिलाही ते ठाऊक होतं. दोघी शुक्रवारी न्हाणीत बसून मांजराच्या नाकाबद्दल बोलायचो आणि दुसऱ्याच नाकाचा विचार करायचो. पाशाचं नाक आहे तसंच आहे, पण शेवंतीची बोटं आता पहिल्यासारखी झाली.

पहिलं बाळंतपण माहेरी होतं. लेकीला माहेरी येता येत नसेल तर माहेरानं उठून जावं. जुलैच्या शेवटी आम्ही दोघी येतो. रमीझ पुढच्या दोन सीटा ठेवणार आहे. शेवंती कणकवलीच्या पलीकडे कधी गेलेली नाही, गाडी लागेल म्हणून लिंबं जमवते आहे. तुझ्या सासूबाईंना माझा सलाम सांग आणि विचार, चालेल ना. तिथला मान त्यांचा, आम्ही न्हाणीपुरत्या.

पाशा इथेच, गंगारामकडे राहील. बंदरावर त्याचं आता बस्तान बसलंय, सगळ्या कोळणी त्याला नावानं ओळखतात. तो न्यायला तू स्वतः यायचं, ही अट कायम आहे. फक्त एकटीनं यायचं नाही.

तुझ्या हातांचं काय करायचं, ते शेवंतीला विचारलं. म्हणाली, "माजेव पयल्या पोराक थरथरले होते. धरूचा. धरता धरता थीर रवतत." तिचाही एक प्रश्न आहे. गेले चार दिवस तिला दुसरं काही सुचत नाही, तेव्हा लगेच उत्तर पाठव: "थंयच्या न्हाणीत पाय पसरूक जागा आसा काय?"

तुझी,
फुफी


कौसा, मुंब्रा
२४ मे २०२५

प्रिय फुफी,

पत्र वाचून मी रडले आणि अम्मींनी माझ्या हातातून ते काढून घेतलं, रडायलाही मनाई आहे म्हणून. मग चष्मा लावून त्यांनी ते पहिल्यापासून वाचलं. आपण चार महिने मांजराबद्दल लिहीत होतो हे त्यांना खरं वाटेना.

सातवा संपत आला. ऑगस्टचा दुसरा आठवडा सांगितलाय. बघ, तारीख सांगितली.

वाचून झाल्यावर अम्मी थेट बाथरूममध्ये गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत म्हणून शाहीदनं दार ढकललं, तर अम्मी पाटावर बसून भिंतीकडे पाय लांब करून बघत होत्या. पाय वॉशिंग मशीनला अडत होते. संध्याकाळी त्यांनी शाहीदकडून मशीन उचलून गॅलरीत ठेववलं आणि पुन्हा बसून बघितलं. आता अम्मींचे पाय पुरते पसरतात. शेवंतीआजी त्यांच्यापेक्षा उंच असेल तर लगेच कळव, दार काढायची त्यांची तयारी आहे.

त्यांचा तुला सलाम. आणि निरोप आहे, शेवंतीला सांगा, नाकाचं काम पहिल्या दिवसापासून धरा. शाहीदच्या वेळी आमच्याकडे कोणी नव्हतं.

तुमची,
नाझमीन